दर्या आणि दऱ्या

शाळेच्या वार्षिकाचा मराठी विभाग गेली कित्येक वर्षे आमच्या हाती आहे. मुलांचे लेख वाचावयाचे, त्यांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारावयाचे, वाक्य लांबले असेल तर आटोपते करावयाचे आणि शेवटी मुद्रिते तपासून छापखान्याकडे धाडावयाची, असे हे काम आहे. या कामात एक दोष असा की, दुसऱ्याच्या चुका शोधण्याची दृष्टी दिवसेंदिवस तीक्ष्ण होत जाते आणि स्वतःच्या चुका पाहण्याची तितकीच मंद होते. यंदा आम्हांस या दोषाचा चांगलाच अनुभव आला. आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला, आणि तो चारचौघांत झाला. तेव्हा त्याची हकीकतही चारचौघांत सांगावी, हे उचित होय. हकीकत संगणकाची आहे, परंतु ती समजण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. जे थोडे लागेल ते आम्ही ओघात सांगू.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. आज आपण भ्रमणध्वनीवर अगर संगणकावर मराठी लिहितो, ते युनिकोड नावाच्या पद्धतीने. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत ‘क’ला एक क्रमांक, ‘ख’ला दुसरा क्रमांक, प्रत्येक काना-वेलांटीस आपापला क्रमांक, अशी व्यवस्था आहे, म्हणून येथे लिहिलेला ‘क’ लंडनमध्येही ‘क’च दिसतो. ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मात्र निराळीच युक्ती चाले. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असत. त्यांवर केवळ मराठी अक्षरांचा अंगरखा चढविलेला असे. या अंगरख्यास फाँट म्हणतात. अंगरखा अंगावर आहे तोवर लेख मराठी. तो काढला की खाली इंग्रजी अक्षरांची व विरामचिन्हांची अर्थशून्य रास!

आमच्या वार्षिकाचे जुने अंक अशाच एका फाँटात आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यास झोडपले, तेव्हा छपराचे पत्रे उडून कपाटातील पुष्कळसे कागद भिजून गेले. जुन्या अंकांच्या कागदी प्रती गेल्या, संगणकातील फायली राहिल्या. त्या युनिकोडात आणणे अगत्याचे झाले. शिवाय, चालू वर्षाचे लेख ज्या विद्यार्थ्याने टंकलिखित केले, त्यानेही ते जुन्याच फाँटात केले. कारण टायपिंगच्या वर्गात त्यास तीच कळपाटी शिकविली होती आणि तिच्यावर त्याची बोटे इतकी सफाईने चालत की आम्ही पाहत राहावे.

हा विद्यार्थी आगरदांड्याचा. मुरुड तालुक्यातील हे गाव राजपुरीच्या खाडीवर आहे. खाडीच्या मुखाशी जंजिरा, समोरच्या तीरावर दिघी, आणि मधल्या पाण्यावर माणसे व मोटारी घेऊन जा-ये करणारी फेरीबोट. मुलाचे घराणे कोळ्याचे. मुलगा अबोल, विचारल्याखेरीज बोलणार नाही आणि विचारले तरी दोन शब्दांवर तिसरा बोलणार नाही. अशा मुलांविषयी आम्हां शिक्षकांचा ग्रह चटकन होतो आणि तो पुष्कळदा चुकीचा असतो.

जुना मजकूर युनिकोडात आणण्यासाठी आम्ही स्वतःच एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिली. ‘अमुक चिन्ह दिसेल तेथे तमुक अक्षर घाल’ अशा आज्ञा एकीखाली एक मांडावयाच्या आणि संगणकाने त्या क्रमाने पाळावयाच्या. हे काम आम्ही ‘विम’ नावाच्या मजकूर-संपादकात केले. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ साली प्रथम लोकांच्या हाती दिला. तो फुकट मिळतो. परंतु ज्यास तो उपयोगी पडेल त्याने युगांडातील गरजू मुलांस साहाय्य करावे, अशी विनंती तो उघडताच समोर येते. मोलेनार यांनी त्या देशात किबाले येथील मुलांच्या केंद्रात स्वतः काम केले होते. २०२३ साली ते वारले. विनंती मात्र राहिली आहे. असो.

आज्ञांचा मूळ तक्ता आम्ही हिंदी मजकुरासाठी कोणी केलेल्या एका तक्त्यावरून उतरून घेतला आणि मराठीस हवे ते फेरफार केले. पहिल्या प्रयोगाचा निकाल पाहून आम्हांस हसू आले. ‘स्थिती’ हा शब्द ‘सि्थती’ असा बाहेर पडला आणि ‘वर्षी’ हा ‘वषर्ी’ असा! पडद्यावर जागोजाग ठिपक्यांची वर्तुळे दिसू लागली. निराधार झालेली वेलांटी कोठे टेकावी हे संगणकास न कळले म्हणजे तो असे वर्तुळ काढतो.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे आणि ते थेट छापखान्यांच्या इतिहासात जाते. ‘कि’ हे अक्षर उच्चारताना आधी ‘क’ येतो, मग इकार. परंतु लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे, म्हणजे आधी, दिसते. १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइपांत पुष्कळ सुधारणा केली. त्याच छापखान्यात लहानपणी टाइप घासण्याचे काम करणाऱ्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि मराठी टाइपास अपूर्व सौंदर्य आणले. खिळे जुळविणाऱ्यास ‘कि’ जुळवावयाचा असेल तर आधी वेलांटीचा खिळा ठेवावा लागे, मागून ‘क’चा, कारण त्याचे काम डोळ्यांस दिसणाऱ्या क्रमाने चाले. टंकलेखनयंत्राने हाच क्रम उचलला आणि जुन्या फाँटांनी टंकलेखनयंत्राचा. युनिकोडाने मात्र कानास ऐकू येणारा क्रम धरला. तेव्हा डोळ्याचा क्रम कानाच्या क्रमात बदलणे, हेच आमच्या स्क्रिप्टचे खरे काम होते.

आमची आज्ञा अशी होती की, वेलांटी पुढच्या एका अक्षरापलीकडे न्यावी. ‘कि’साठी ती पुरे. परंतु ‘स्थि’मध्ये ‘स्’ आणि ‘थ’ हे दोघे मिळून एक जोडाक्षर होते. वेलांटीने दोघांनाही ओलांडावयास हवे होते. रफाराची तऱ्हा याच्या उलट. तो जुन्या फाँटात अक्षराच्या मागून येतो आणि त्यास एक पाऊल मागे न्यावयाचे असते. ‘धर्म’मध्ये एक पाऊल पुरते, परंतु ‘वर्षी’मध्ये ‘ष’ आणि त्याची वेलांटी अशी दोन पावले मागे जावे लागते. ही दोन्ही कोडी आम्ही एका रात्रीत सोडविली. रफाराची आज्ञा तर समूळ नवी लिहिली. ठिपक्यांची वर्तुळे सारी नाहीशी झाली आणि आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडा गर्वही झाला.

या गर्वाच्या भरातच आम्ही यंदाचे लेख स्क्रिप्टमधून काढले व मुद्रिते वाचावयास बसलो. ‘प्रदेश’च्या जागी ‘र्पदेश’, ‘प्रकाश’च्या जागी ‘र्पकाश’ अशा चुका पानापानांवर होत्या. आम्हांस त्यांचे कारण लगेच ‘सापडले’. जुन्या कळपाटीवर ‘प्र’मधील खालचा तिरपा र आणि डोक्यावरचा रफार हे दोन्ही एकाच कळीवर असतात. कळ नुसती दाबली की इंग्रजी लहान झेड उमटतो व खालचा र मिळतो. शिफ्टसह दाबली की मोठा झेड व त्यासरशी रफार. अर्थात मुलाचे बोट शिफ्टवरून वेळेवर उठले नाही, हा निर्णय आम्ही देऊन टाकला. त्याच्या स्वतःच्या निबंधात तर ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे शब्द निघाले. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आम्ही तो कागद वर्गात वाचून दाखविला आणि म्हणालो, “काय रे, दर्यावर जन्मलास म्हणून सह्याद्रीतही दर्याच दिसतो काय तुला?” वर्ग हसला. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मी बरोबर टाइप केलंय.” आम्ही म्हणालो, “कागद खोटे बोलत नाही. बैस खाली.” आणि टंकलेखनाचे काम त्याच्याकडून काढून दुसऱ्या मुलास दिले.

कागद खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु तो कागद मुलाच्या हातून थेट आमच्याकडे आला नव्हता. मध्ये आमचीच स्क्रिप्ट होती, याचा त्या क्षणी आम्हांस सर्वस्वी विसर पडला.

चारपाच दिवसांनी आमच्या घरची वीज गेली, म्हणून उरलेले काम आम्ही शाळेच्या कचेरीतील संगणकावर केले. तीच फाईल, तीच स्क्रिप्ट; परंतु पडद्यावर ‘प्रदेश’ आणि ‘प्रकाश’ अगदी शुद्ध! आम्ही चकित झालो. दुसरे दिवशी घरी पुन्हा पाहिले, तो पुन्हा ‘र्पदेश’. टंकलेखकाचे बोट शिफ्टवर राहिले असते, तर चूक फाईलमध्येच असती आणि ती दोन्ही ठिकाणी सारखीच दिसली असती. चूक एका संगणकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, त्या अर्थी ती मुलाची नव्हे, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट झाले. त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही.

चूक कोठे आहे ते शोधण्याची रीत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. ‘विम’ला प्रत्येकाने आपल्या सोयीच्या सवयी लावून दिलेल्या असतात आणि त्या एका निराळ्या फायलीत लिहिलेल्या असतात. प्रथम आम्ही त्या सवयींची फाईल बाजूस ठेवून विम कोऱ्या अवस्थेत चालविला; निकाल शुद्ध आला. म्हणजे दोष आमच्या सवयींत होता. त्या फायलीत ३२ ओळी होत्या. एकेक ओळ तपासण्याऐवजी आम्ही १६ ओळींच्या आरंभी दुहेरी अवतरणचिन्ह घालून त्या निष्क्रिय केल्या व निकाल पाहिला. ज्या अर्ध्यात दोष दिसला त्याचे पुन्हा दोन भाग केले. ३२च्या १६, १६च्या ८, मग ४, मग २, मग १. अशा रीतीने ३२ ओळींतील अपराधी ओळ पाच पायऱ्यांत हाती आली. गणितात हा अर्धे-अर्धे करण्याचा विचार शिकविताना मुले विचारतात, “याचा उपयोग काय?” त्यांस हे उत्तर पुरे व्हावे.

ती ओळ अशी होती की, शोध करताना इंग्रजीतील लहान व मोठे अक्षर एकच मानावे. इंग्रजी टिपणे चाळण्याच्या सोयीसाठी ती आम्हीच केव्हातरी घातली होती. हिंदी तक्त्यावरून उतरलेल्या प्रत्येक आज्ञेत ‘लहान व मोठे अक्षर वेगळे मान’ अशी खूण तक्ता करणाऱ्याने दूरदृष्टीने घातली होती. एकाच आज्ञेत ती नव्हती, आणि ती आज्ञा रफाराची, म्हणजे ज्या रात्री आम्हांस गर्व झाला त्या रात्री आम्ही नव्याने लिहिलेली! त्यामुळे घरच्या संगणकावर ती मोठ्या झेडबरोबर लहान झेडही गिळून बसे आणि खालच्या रकाराचाही रफार करून टाकी. ‘वर्षी’ दुरुस्त करण्याच्या खटपटीत आम्ही ‘प्रदेश’ बिघडविला होता. खूण घालताच सारे सुरळीत झाले.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, ठिपक्यांची वर्तुळे दिसत होती तोवर आम्ही दोष यंत्रात शोधला. कारण तशी अक्षरे कोणी मनुष्य लिहीत नाही. परंतु चूक मनुष्याच्या चुकीसारखी दिसू लागताच आम्ही ती जवळच्या मनुष्याच्या माथी मारली. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे मुलांस सांगत आलो आहोत!

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही मुरुडाहून एस. टी.ने आगरदांड्यास गेलो. घर विचारीत विचारीत पोहोचलो, तो ओटीवर मुलाचे वडील जाळे नीट करीत बसले होते. त्यांनी लगबगीने उठून आम्हांस बसावयास दिले. आतून मुलाची आजी आली आणि काळजीच्या स्वराने म्हणाली, “मास्तर, पोरानं काही वावगं केलं का?” मास्तर घरी आला म्हणजे मुलाने काहीतरी केले असणारच, असे आमच्याविषयीचे गृहीत! आम्ही म्हणालो, “नाही आजी, पोराने काही केले नाही. चूक मास्तरांची आहे आणि तेच सांगावयास मास्तर आले आहेत.” मग मुलास समोर बसवून आम्ही त्यास सारी हकीकत सांगितली आणि वडिलांदेखत त्याची क्षमा मागितली.

मुलगा बराच वेळ खाली पाहत राहिला. नंतर हळूच म्हणाला, “सर, मग ‘दऱ्या’चं काय?”

आम्ही गोंधळलो. ‘प्रदेश’चा उलगडा झाला होता, ‘सह्याद्रीच्या दर्या’ ही मात्र त्याचीच चूक, असे आम्ही अद्याप मनात धरून होतो. तो आत जाऊन आपली वही घेऊन आला. वहीत स्वच्छ अक्षरात ‘दऱ्या’ लिहिले होते. मग त्याने कळपाटीचा छापील कागद काढला आणि बोट ठेवून दाखविले: “हा ‘ऱ्य’मधला आडवा र, सर. याची कळ वेगळी. रफाराची वेगळी. ‘दर्या’ लिहिताना मी रफार दाबतो, ‘दऱ्या’ लिहिताना हा आडवा र. माझ्या निबंधात दोन्ही शब्द आहेत. तुमच्या कागदावर ‘दर्या’ सगळीकडे बरोबर आलाय. फक्त ‘दऱ्या’चाही ‘दर्या’ झालाय, आणि ‘किनाऱ्या’चा ‘किनार्या’.”

इतके सलग बोलताना त्यास आम्ही प्रथमच ऐकले. तेथेच ओटीवर संगणक उघडून त्याच्यासमोर स्क्रिप्ट पाहिली. हिंदीस या आडव्या रकाराची गरज नसल्याने मूळ तक्त्यात त्यासाठी आज्ञाच नव्हती. ती आम्ही भरीस घातली होती आणि तीत आडव्या रकाराच्या जागी साधा ‘र’ व हलन्त लिहिला होता. साध्या हलन्त ‘र’पुढे ‘य’ आला की युनिकोडाच्या नियमाने त्याचा रफार होतो. म्हणून दऱ्यांचा दर्या झाला. आडव्या रकारासाठी युनिकोडात ‘ऱ’ हे खाली टिंब असलेले निराळे अक्षर आहे. ते हलन्त करून पुढे ‘य’ अगर ‘ह’ लिहिला म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मिळतात. हा भेद मराठीस फार महत्त्वाचा आहे. ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ या दोन वाक्यांत पहिल्यात गुरूस मिळते, दुसऱ्यात स्वयंपाक्यास! तो भेद आम्ही, मराठीचे पदवीधर शिक्षक, एका आज्ञेत पुसून बसलो होतो आणि नववीच्या मुलाने तो राखला होता.

आम्ही एक टिंब घातले आणि स्क्रिप्ट चालविली. पडद्यावर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ उमटल्या. मुलाने ते वाचले, आणि त्याच्या वडिलांनीही जाळे बाजूस ठेवून वाचले. आजीने विचारले, “झालं का नीट?” मुलगा म्हणाला, “झालं.” मग चहा आला.

परतण्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून दहा शब्दांची एक परीक्षा-फाईल केली: दर्या, दऱ्या, आचार्यास, आचाऱ्यास, तऱ्हा, प्रदेश, वर्षी, स्थिती, निर्मिती, किनाऱ्यावर. स्क्रिप्टमध्ये काडीइतका बदल केला तरी प्रथम हे दहा शब्द तिच्यातून काढावयाचे आणि दहाही शुद्ध आले तरच पुढे जावयाचे, असा नियम ठरला. एक चूक दुरुस्त करताना दुसरी जन्मास येते, हे आम्ही भोगले होते. तिच्यावर असा पहारा ठेवण्यावाचून दुसरा उपाय आम्हांस माहीत नाही. ‘निर्मिती’ हा शब्द मुलाने सुचविला. त्यात दोन पहिल्या वेलांट्या आणि एक रफार अशा तिघांची गर्दी आहे. वेलांट्या आधी हलवाव्या की रफार, हे या एका शब्दात पारखून निघते. आधी रफार हलविला आणि वेलांटीची आज्ञा एकाच अक्षराची असली, तर वेलांटी रफारावरच जाऊन अडते. म्हणून आम्ही वेलांट्यांची आज्ञा वर ठेवली आहे.

सोमवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर आम्ही त्याच वर्गापुढे उभे राहिलो आणि कागद वाचून मुलांस हसविले होते, ती चूक कोणाची होती ते सांगितले. या वेळी वर्ग हसला नाही. आम्हांस वाटले होते त्याहून ते कठीण गेले. परंतु ज्या जागी एखाद्याचा मान गेला त्याच जागी तो परत द्यावा लागतो, घरी जाऊन दिला तर तो अर्धाच पोहोचतो.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र चुकते तेव्हा ते बहुधा आपण सांगितले तेच करीत असते. म्हणून निकाल वाकडा आला तर आपणच शेवटी काय बदलले ते आधी आठवावे. चूक लहानात लहान नमुन्यात पकडावी. आणि जो मनुष्य “मी बरोबर केले आहे” असे म्हणतो, त्यास खाली बसविण्यापूर्वी त्याची वही पाहावी. ती वही पाहण्यास आम्हांस दोन मिनिटेही लागली नसती. न पाहिल्यामुळे एका मुलाचे आठ दिवस मानखंडनेत गेले, ते आम्हांस भरून देता येणार नाहीत.

या अंकाच्या मराठी विभागाचे टंकलेखन त्याच विद्यार्थ्याने केले आहे. त्याचा निबंध पुढे छापला आहे. त्यात दर्या आहे आणि दऱ्याही आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी आहेत. कोठे चूक राहिली असल्यास ती आमची समजावी.